कोपीवरच्या पिलासाठी

शिरूर कासार तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रं सगळ्यात शेवटी येतं. आधी बैल, मग दुभती गाय-म्हैस, मग शेळ्या. या सगळ्यांचं आटोपलं की भिंतीच्या कडेला सुतळीनं बांधून ठेवलेलं कुत्रं कोणीतरी पुढं आणतं. यात निर्दयपणा नाही. बैल आजारी पडला तर पेरणी अडते, गाय आटली तर घरातला बाजारहाट अडतो. कुत्र्याच्या आजारानं काय अडतं, हे मला नोकरीच्या सुरुवातीला माहीत नव्हतं. ते ऊसतोडीच्या लोकांनी शिकवलं.

सिंदफणेच्या काठचा, बालाघाटाच्या कुशीतला, बीड जिल्ह्यातला हा तालुका. जमीन हलकी, पावसाचा भरवसा नाही. दसरा-दिवाळी झाली की गावंच्या गावं ट्रक-ट्रॅक्टरवर चढतात आणि कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडच्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, तेव्हा निघण्याची तारीख टळत नाही. भांडीकुंडी, पीठ-मीठ, लेकरं, शेळी आणि त्या ढिगावर बसलेलं कुत्रं, असा संसार हलतो. पहाटेच्या अंधारात आईबाप फडात उतरतात तेव्हा कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, झोपलेल्या लेकराजवळ ते कुत्रंच असतं. साप निघाला, कोल्हा आला, परका माणूस आला, तर पहिला आवाज त्याचा.

दिवाळीनंतरच्या त्या दिवसांत एक मावशी टोपल्यात फडकं टाकून पिलू घेऊन आल्या. अडीच-तीन महिन्यांचं असेल. हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, डोळे खोल गेलेले, शेपटीखालचे केस रक्तानं माखलेले. पार्वो या विषाणूच्या हगवणीचा वास एकदा ज्यानं घेतला त्याला निदानासाठी पुस्तक लागत नाही. मावशी म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, काय बी करून याला वाचवा. याची माय हाय म्हणून मागल्या साली कोपीवर झोप लागली. ती आता म्हातारी झाली." गाडी दोन दिवसांनी निघणार होती. आम्ही सलाईन लावलं, उलटी थांबायचं औषध दिलं, आतड्यातले जिवाणू रक्तात उतरू नयेत म्हणून प्रतिजैविक दिलं. विषाणूवर मात्र आमच्याकडे काहीच नव्हतं. पिलू दुसऱ्या रात्री गेलं.

पार्वोची लस आहे, चांगली आहे, आणि ती सगळ्यांनी आपल्या कुत्र्यांना टोचून घ्यावी हे मी आजही प्रत्येकाला सांगतो. पण ती कशी द्यावी लागते ते पाहा. पिलू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. एवढे डोस कशासाठी? तर आईच्या चिकामुळे. कुत्रीच्या पोटात असताना पिलाला तिच्याकडून फार थोडी प्रतिपिंडं मिळतात, बहुतेक सगळी मिळतात ती जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात, चिकातून. हीच प्रतिपिंडं पिलाला वाचवतात आणि हीच लशीलाही निकामी करतात. काही आठवड्यांनी ती ओसरतात, पण कोणत्या पिलात कधी ओसरतील याचा नेम नाही. मधे असे दिवस येतात की चिकाचं संरक्षण विषाणूला अडवण्याइतकं उरलेलं नसतं आणि लशीला हाणून पाडण्याइतकं मात्र असतं. पिलं मरतात ती बहुधा याच दिवसांत. शहरातलं पिलू गाडीत बसून चार वेळा दवाखान्यात येतं. शिरूरच्या पिलाचा पहिला डोस गावात झालाच, तर दुसऱ्याच्या वेळी ते दोन-तीनशे किलोमीटरवरच्या एखाद्या कारखान्याच्या तळावर असतं, आणि त्या तळावरची माती आधीच्या हंगामातल्या आजारी पिलांनी विषाणूनं भरून ठेवलेली असते. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

म्हणून माझ्या मनात साधा हिशेब सुरू झाला. लस शरीराला प्रतिपिंडं तयार करायला शिकवते, त्याला वेळ लागतो. तयार प्रतिपिंडच टोचलं तर? ते टोचल्या दिवसापासून काम करतं. काही आठवड्यांनी संपतं, हे खरं. पण आजारी पिलाला काही आठवडे पुरेसे असतात.

ही कल्पना नवी नाही. एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी १८९० मध्ये घटसर्प आणि धनुर्वातावर हेच केलं. रोगाच्या विषाला सरावलेल्या जनावराचं सीरम दुसऱ्याला दिलं आणि ते वाचलं. वैद्यकाचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये बेहरिंग यांना मिळालं ते याच कामासाठी. परळच्या हाफकिनमध्ये घोड्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचं औषध पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आलं. आपल्या भागात त्याची गरज काय, हे वेगळं सांगायला नको. तागडगावचा सर्पराज्ञी प्रकल्प ज्यांनी पाहिला आहे, जखमी वन्यजीव आणि पकडलेले साप तिथं कसे येतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं ही नावं शेजाऱ्यांसारखी परिचयाची असतात. कुत्र्याला घोणस चावली तर आम्ही माणसांसाठी बनवलेलं, घोड्याच्या रक्तातलं तेच औषध कुत्र्याला देतो, कारण दुसरं नाही. अनेकदा कुत्रं वाचतं. पण घोड्याचं प्रथिन कुत्र्याच्या शरीराला परकंच. शरीर त्याच्याविरुद्ध उठतं, आणि पुढच्या वेळी ते जास्त जोरानं उठू शकतं.

पुढं १९७५ मध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझर मिलस्टीन यांनी उंदराच्या पेशींपासून एकाच जातीचं, एकसारखं प्रतिपिंड हवं तेवढं काढण्याची पद्धत शोधली. आज निदानाचे निम्मे-अधिक खेळ त्यावर चालतात. पण औषध म्हणून उंदराचं प्रतिपिंड कुत्र्याला दिलं तर तीच अडचण, परकं प्रथिन. मग माणसांसाठी केलेली प्रतिपिंडं कुत्र्याला द्यावीत? लिम्फोमा हा रक्ताचा कर्करोग माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. माणसांत १९९७ पासून वापरात असलेलं रिटुक्सिमॅब पेशीवरच्या ज्या खुणेला जाऊन चिकटतं, ती खूण कुत्र्यात थोडी वेगळी आहे. थोडीच, पण तेवढ्यानं ते चिकटतच नाही. कुत्र्याला कुत्र्याचंच प्रतिपिंड हवं, ही गोष्ट माझ्यासाठी इथं पक्की झाली. नोकरी सोडून मी शिकायला गेलो आणि पुढं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत या कामाला लागलो.

तिथं गेल्यावर पहिली टोचणी लागली ती सामग्रीच्या यादीची. उंदरासाठी आणि माणसासाठी हवं ते प्रतिपिंड विकत मिळतं, रंग लावलेलं, तपासलेलं. कुत्र्याची कुठली पेशी मोजायची, कुठलं प्रथिन शोधायचं तर यादी दोन पानांत संपते, आणि त्यातलीही अनेक प्रतिपिंडं 'कुत्र्यातही चालतील' अशा आशेवर विकली जातात. ज्या प्राण्यानं माणसासोबत हजारो वर्षं काढली, त्याच्या रोगप्रतिकाराचा अभ्यास करायची साधनं इतकी कमी असावीत, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आजही वाटतं. औषधाआधी ही साधनं तयार व्हायला हवीत. जे दिसत नाही ते मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही त्यावर उपचार ठरवता येत नाही.

आमचा मार्ग होता फेज डिस्प्ले. फेज म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू. त्यातला एम-१३ नावाचा फेज दोऱ्यासारखा लांबट असतो आणि ई. कोलाय जिवाणूत वाढतो, पण त्याला मारत नाही. जॉर्ज स्मिथ यांनी १९८५ मध्ये दाखवलं की अशा दोऱ्यासारख्या फेजच्या जनुकांत एखाद्या परक्या प्रथिनाचा तुकडा जोडला तर फेज तो तुकडा आपल्या अंगावर बाहेर वागवतो. त्या तुकड्याची जनुकीय कृती मात्र त्याच्या पोटातच राहते. बाहेरून जो फेज नेमका चिकटला तो पकडायचा, की त्याच्या आतून कृती आपोआप हाती येते. ग्रेगरी विंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या सुमारास याच पद्धतीनं प्रतिपिंडाचे तुकडे फेजवर चढवले. सांधेदुखीवरचं अडालिमुमॅब यातूनच आलं. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल स्मिथ आणि विंटर यांना फ्रान्सेस अर्नोल्ड यांच्यासोबत मिळालं. या पद्धतीत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की, ज्याचं रक्त घेतलं त्याच प्राण्याचं प्रतिपिंड त्यातून मिळतं. माणसाच्या रक्तातून माणसाचं, कुत्र्याच्या रक्तातून कुत्र्याचं.

पण त्यासाठी आधी कुत्र्याच्या प्रतिपिंडांची जनुकं ठाऊक हवीत. २००५ मध्ये ताशा नावाच्या एका बॉक्सर कुत्रीचा संपूर्ण जनुकपट प्रसिद्ध झाला आणि हा रस्ता मोकळा झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या निकोला मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कुत्र्याच्या प्रतिपिंड-तुकड्यांची फेज लायब्ररी, म्हणजे असे वेगवेगळे तुकडे अंगावर वागवणाऱ्या फेजचा साठा, कशी बांधायची हे छापून सगळ्यांसमोर ठेवलं. आमच्यासारखे पुढचे लोक त्याच वाटेनं गेले.

लायब्ररी बांधणं हे या कामातलं सगळ्यात शांत आणि सगळ्यात जोखमीचं पर्व. मालकाच्या लेखी संमतीनं, नीतिसमितीच्या परवानगीनं, उपचारासाठी काढलेल्या रक्ताचा उरलेला भाग किंवा शस्त्रक्रियेत काढलेली प्लीहा आम्हाला मिळे. त्यातल्या पेशींमधून आरएनए काढायचा. आरएनए फार नाजूक, उघड्या हाताच्या स्पर्शानंही मोडतो. त्यातून प्रतिपिंडाच्या जड साखळीची आणि हलक्या साखळीची जनुकं पीसीआरनं वाढवायची आणि एका लवचिक दुव्यानं जोडायची. इथं कुत्र्याचं वेगळेपण हाताला लागतं. उंदराच्या प्रतिपिंडांत हलकी साखळी बहुतेक वेळा कॅपा जातीची असते, माणसात कॅपा अर्ध्याहून थोडी जास्त, आणि कुत्र्यात उलट, नव्वद टक्क्यांहून अधिक लॅम्डा. उंदरावर घडवलेला आराखडा जसाच्या तसा उचलला तर कुत्र्याची बहुतांश संपत्ती बाहेरच राहील. मग ती जोडलेली जनुकं विजेच्या झटक्यानं जिवाणूंत घालायची. यंत्राचं बटण दाबताना कुपीत मीठ जास्त राहिलं असेल तर ठिणगी पडते, आणि आठवड्यांची तयारी त्या आवाजात जाते. सगळं जमलं तर दुसऱ्या दिवशी पातळ केलेल्या ताटल्यांवरचे ठिपके मोजून हिशेब मांडायचा. अब्जाच्या घरात वेगवेगळे तुकडे मिळाले तर लायब्ररी चांगली.

त्यानंतर निवड. सोनाराच्या आळीतली माती धुऊन त्यातून सोन्याचा कण काढणारे झारेकरी आमच्या लहानपणी बीडच्या बाजारात दिसायचे, आणि प्रयोगशाळेत नळी हातात घेतली की मला त्यांची आठवण येई. पद्धत ऐकायला साधी आहे. नळीच्या आतल्या बाजूला विषाणूचं प्रथिन रात्रभर चिकटवून ठेवायचं. सकाळी उरलेली मोकळी जागा दुधाच्या पावडरीच्या पाण्यानं झाकायची. होय, चहाला वापरतात तीच साय काढलेल्या दुधाची पावडर, बाटलीवर 'खाण्यासाठी नाही' अशी चिठ्ठी लावलेली. मग लायब्ररी ओतायची, तासभर थांबायचं आणि धुवायचं. धुवायचं आणि पुन्हा धुवायचं. पहिल्या फेरीत हात हलका ठेवायचा, कारण चांगल्या तुकड्याची एकच प्रत असू शकते आणि ती वाहून गेली तर गेली. पुढच्या फेऱ्यांत धुणं कडक करत न्यायचं. जे चिकटून राहिले त्यांना सोडवून ताज्या ई. कोलायमध्ये घालायचं, रात्रभर वाढवायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नळी.

तीन-चार फेऱ्यांत अब्जावधींतून मूठभर उरतात. पण उरलेले सगळे कामाचे असतात असं नाही. काही तुकडे विषाणूला चिकटत नाहीत, नळीच्या प्लास्टिकला चिकटतात. काहींना दुधातलं प्रथिन आवडतं. काही तर कशालाच नीट चिकटत नाहीत, पण त्यांचे फेज जिवाणूत इतरांहून भराभर वाढतात आणि केवळ त्या जोरावर शेवटच्या फेरीत सगळीकडे तेच दिसू लागतात. या कामात माझा सगळ्यात जास्त वेळ शोधण्यात गेला नाही. खोटे कोणते हे ठरवण्यात गेला. नवीन मुलांना मी हेच सांगतो: विषाणू लावलेल्या नळीशेजारी फक्त दूध लावलेली नळी ठेवल्याशिवाय एकाही निकालावर विश्वास ठेवू नका.

मग एकेक तुकडा वेगळा करून शहाण्णव खड्ड्यांच्या प्लेटवर तपासायचा. एलायझा या चाचणीचा रंग टाकला की जिथं प्रतिपिंड चिकटलं आहे तो खड्डा निळा होऊ लागतो. आम्ल टाकलं की निळ्याचा पिवळा होतो आणि यंत्र आकडा देतं. काळोख्या खणातून प्लेट बाहेर काढताना काही खड्डे गडद निळे दिसले की आनंद होतो, कोणालाही होईल. पण खरा निकाल त्यापुढं असतो. चिकटणं आणि थोपवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विषाणूच्या अंगावर एखाद्या निरुपद्रवी जागी प्रतिपिंड कितीही घट्ट बसलं तरी विषाणू पेशीत शिरतोच. त्याला जिथून शिरायचं आहे नेमकी तीच जागा अडवावी लागते.

पार्वोच्या बाबतीत हे पाहायची एक जुनी, सुंदर चाचणी आहे. या विषाणूला डुकराच्या तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवण्याची सवय असते. थंडीत, चार अंशांवर, गोल बुडाच्या खड्ड्यांत विषाणू आणि पेशी एकत्र ठेवल्या तर पेशी खाली बसत नाहीत, खड्डाभर पातळ जाळीसारख्या पसरून राहतात. प्रतिपिंडानं विषाणूला योग्य जागी धरलं असेल तर पेशी मोकळ्या होतात आणि खड्ड्याच्या तळाशी एक छोटा, गोल, लाल ठिपका जमतो. ज्यांनी एलायझात मान उंच केली होती त्यांतल्या बहुतेकांनी इथं मान टाकली. खड्ड्याखड्ड्यांत जाळी पसरलेली. एका रांगेत मात्र ठिपके होते. प्रतिपिंड पातळ करत गेलो तरी आणखी काही खड्ड्यांत टिकलेले. त्या प्लेटचा फोटो माझ्याकडे आहे.

तिथून पुढं तुकड्याचं संपूर्ण प्रतिपिंड करायचं. कुत्र्याच्या प्रतिपिंडांत आयजीजी वर्गाचे चार उपवर्ग आहेत. कोणता निवडायचा यावर ते शरीरात काय करेल हे ठरतं. विषाणूला अडवून शिवाय इतर पेशींना हाक मारायची असेल तर 'बी' उपवर्ग, नुसतं अडवायचं असेल तर दुसरा. ही निवड, मग सस्तन प्राण्याच्या पेशींत उत्पादन, शुद्धीकरण, टिकाऊपणा, विषारीपणाच्या चाचण्या. विद्यापीठाची प्रयोगशाळा पहिल्या दोन-तीन पायऱ्यांपर्यंत जाते. पुढचा जिना कंपन्यांचा आणि पैशांचा आहे. आमच्या तुकड्यांपैकी काही संशोधनाचं साधन म्हणून कामी आले, विषाणू ओळखायला. औषधापर्यंत एकही गेला नाही.

कंपन्या ज्या जिन्यावरून चढल्या तो पाहिला तर त्यांची निवड समजते. कुत्र्याच्या खाजेवरचं लोकिवेटमॅब अमेरिकेत २०१६ ला आणि युरोपात २०१७ ला आलं. सांधेदुखीवरचं बेडिनवेटमॅब युरोपात २०२० ला आणि अमेरिकेत २०२३ ला. ही औषधं खोटी नाहीत. रात्रभर अंग ओरबाडणाऱ्या, जिना चढू न शकणाऱ्या अनेक कुत्र्यांना त्यांनी आराम दिला आहे. बेडिनवेटमॅब घेतलेल्या काही कुत्र्यांमध्ये मज्जासंस्थेच्या तक्रारी नोंदल्या गेल्याचं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२४ च्या डिसेंबरात पशुवैद्यकांना कळवलं, तेव्हा प्रतिपिंड म्हणजे निर्धोक असं समजून चालणार नाही. पण खाज आणि सांधेदुखी हे जास्त करून घरात वाढणाऱ्या, म्हाताऱ्या होईपर्यंत जगणाऱ्या कुत्र्यांचे आजार. ज्याचा मालक दर महिन्याला इंजेक्शन देऊ शकतो त्याच्यासाठी आधी औषध निघालं. पार्वोवरचं प्रतिपिंड अमेरिकेत सशर्त परवान्यानं आलं तेच मुळी २०२३ मध्ये. शिरेतून एकच डोस. मी ती बातमी वाचली तेव्हा मला टोपल्यातलं ते पिलू आठवलं. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या रोगाला हे औषध मिळायला पंचेचाळीस वर्षं लागली. शास्त्र इतकं मागं नव्हतं. मागणी ज्यांची होती त्यांच्या खिशात पैसे नव्हते.

ही औषधं आपल्याकडे करता येणार नाहीत असं कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या माणसाला लशीसोबत जे तयार प्रतिपिंड जखमेत टोचतात, ते पूर्वी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून यायचं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्ससोबत एकसारखं, पेशींमध्ये वाढवलेलं प्रतिपिंड तयार केलं आणि ते आपल्या देशात वापरात आलं. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही अशा प्रतिपिंडांना रक्तातून काढलेल्या प्रतिपिंडांचा पर्याय म्हणून मान्यता दिली. म्हणजे कौशल्य बीडपासून दिवसाभराच्या अंतरावर आहे. इथं एक गोष्ट ठासून सांगतो, कारण गैरसमज जिवावर बेततो: पिसाळलेल्या कुत्र्यावर कोणतंही प्रतिपिंड, कोणतंही औषध चालत नाही. रेबीजमध्ये कुत्र्यासाठी एकच उपाय, आधी लस. गोव्यानं घरोघर, गल्लोगल्ली जाऊन कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. प्रतिपिंड लशीची जागा घेत नाही. लस पोचेपर्यंतची किंवा चुकल्यानंतरची फट ते भरून काढतं.

अमेरिकेतून परत आल्यापासून मी सुटीत मुद्दाम शिरूरकडे जाऊन दवाखान्यातल्या मित्रांसोबत बसतो. गावातली मंडळी विचारतात, "तिकडं कुत्र्याच्या रक्ताचं काय करत होतास रे?" मी सांगतो. एकदा एक आबा शांतपणे ऐकून म्हणाले, "मग आपल्या कुत्र्यांचं रक्त न्यायला पाहिजे होतं. ही तर सगळ्यातून वाचलेली हायत." त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. गावात मोठं झालेलं कुत्रं पार्वोतून, डिस्टेंपरमधून, गोचिडांच्या तापातून तरलेलं असतं. त्या प्रत्येक लढाईची आठवण त्याच्या रक्तातल्या आणि प्लीहेतल्या पेशींत उरते. फेज लायब्ररी जेवढी अशा रक्तातून बांधली जाईल तेवढी ती कामाची. परदेशातल्या लायब्ररीतली कुत्री लस घेतलेली, घरात वाढलेली असतात. इथला विषाणू इथल्या तळांवर फिरून बदलत असतो, आणि त्याला ओळखणारी प्रतिपिंडं इथल्याच कुत्र्यांकडे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. धनगराच्या वाड्यावरचं राखणीचं कुत्रं असो, कोणी हौसेनं पाळलेलं कारवान किंवा पश्मी असो, की नुसतं गावचं असो.

अडचणी खऱ्या आहेत. चैत्रातल्या उन्हात रक्तातला आरएनए तासाभरात खराब व्हायला लागतो. पण तो काही दिवस टिकवणारी द्रावणं भरलेल्या नळ्या मिळतात, आणि शिरूरहून परभणी एका दिवसात गाठता येते. तिथलं पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आहे, उदगीरला आहे, मुंबईत परळला तर १८८६ पासून आहे. जनुकं वाढवायला लागणारे प्रायमर प्रसिद्ध शोधनिबंधांत छापलेले आहेत, कोणीही वापरू शकतं. लागतात ते उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर, विजेचा झटका देणारं एक यंत्र, वीज गेली तरी चालू राहणारी एक खोली, आणि चिकाटीची दोन-तीन मुलं. पहिल्या दोन वर्षांत औषध होणार नाही. पार्वो ओळखणारं, तळावरच पाच मिनिटांत निकाल देणारं स्वस्त निदान-पट्टीचं प्रतिपिंड नक्की होऊ शकतं, आणि ते झालं तर मुकादमाच्या ट्रॅक्टरमागे जाणारा पशुधन पर्यवेक्षकसुद्धा आजारी पिलू वेळेत वेगळं करू शकेल.

पशुवैद्यक महाविद्यालयांत पदव्युत्तर विषय निवडायला बसलेल्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. तुमच्यातली बरीच बीड, लातूर, नांदेड, परभणीच्या गावांतून आलेली आहात. प्रबंधाला विषय हवा असेल तर आपल्या गावच्या कुत्र्यांच्या प्रतिपिंडांची लायब्ररी हा विषय घ्या. संमतीपत्र मराठीत छापा, मालकाला वाचून दाखवा, रक्त थोडंच घ्या, आणि त्याच भेटीत त्या कुत्र्याला रेबीजची लस टोचून या. पद्धत शिकायची असेल तर मला विचारा. मी माझ्या खर्चानं येईन.